लहान मंदिराला हिशेब काहून मागता?

महालकर:
'वस्तीतल्या लहान मंदिरानं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसच्या चकरा काहून माराव्या? लोक देवाला देतात, देवासाठीच खर्च होतो,' असं काल इथं एकानं लिहिलं. वाचून डोकं तापलं. आमच्या मंदिराच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादायकडच्या नोंदीच्या उताऱ्यावर, सात विश्वस्त, त्यातले चार देवाघरी गेलेले. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा, असं 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात आहे. तेव्हा कुणी दिलाच नाही. सही करणारे शेवटचे काका वारले आणि बँकेनं खातं थांबवलं. नव्यांची नावं कागदावर नाहीत, मग सही चालणार कुणाची? त्या रामनवमीला खात्यात पैसे असून महाप्रसादाचा किराणा उधारीवर आणला. वस्तीतले लोक आमच्याकडे चोरासारखं पाहत होते.

इंदोरावाला:
कायदा मलाही माहीत आहे भाऊ. आमच्या विहारात वर्षाला साठ-सत्तर हजार जमतात, तेही दहा-वीसच्या पावत्यांनी. ऑडिटची फी, वकिलाची फी देऊन उरतं काय? आमच्या वकिलानं पैसे आगाऊ घेतले आणि मग फोन उचलणंच बंद केलं. कमिटीत रोजंदारीवाले आहेत, सिव्हिल लाइन्सला धर्मादायच्या ऑफिसात एक चक्कर म्हणजे एक रोजी बुडाली. मोठ्या संस्थानांचा नियम आम्हाला लावणं अन्यायच आहे.

नंदनवनची ताई:
कागदाचं राहू द्या, हॉलचं बोला! माझ्या बहिणीच्या लग्नाला देवळाच्या हॉलचे नऊ हजार घेतले. पावती मागितली तर 'देवाच्या दारात पावती मागता?' म्हणाले. त्याच महिन्यात अध्यक्षांच्या भाच्याचा साखरपुडा तिथंच झाला, फुकट.

मानेवाड्याचा विश्वस्त:
ताई, सगळ्यांना एका काठीनं हाणू नका. आमच्या हॉलची जागा माझ्या आजोबांनी दिली. झाडलोट, पाणी, विजेचं बिल आम्हीच पाहतो. घरचं एखादं कार्य तिथं केलं तर काय बिघडलं?

नंदनवनची ताई:
आजोबांनी दिली त्या दिवशीच ती तुमची राहिली नाही. आज विकायला काढा बरं, त्याच कायद्याच्या कलम 36 खाली आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागेल. माझ्या बापानं नऊ हजार उसने आणून भरले होते, भाऊ. तुम्ही 'काय बिघडलं' विचारता!

सीताबर्डीचा हिशेबनीस:
आयकर खात्यात धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी असलेल्या ट्रस्टनं देवळाचा हॉल दिवसाला 10,000 रुपयांच्या आत भाड्यानं दिला, तर त्यावर जीएसटी लागत नाही. म्हणजे करापायी पावती टाळली म्हणावं, तर तेही कारण नव्हतं. आणि बिनपावतीचं भाडं कुठं गेलं, हे प्रामाणिक माणसालाही नंतर सिद्ध करता येत नाही.

मानेवाड्याचा विश्वस्त:
बरं. मागच्या वर्षी पुतणीचं लग्न केलं, त्याचं भाडं भरतो आणि पावती घेतो. पण उद्या आजोबांच्या नावाची पाटी काढा म्हणाल, तर ते मी ऐकणार नाही.

नंदनवनची ताई:
पाटीला कुणी हात लावत नाही. भाडं तेवढं भरा.

इंदोरावाला:
फीबद्दल माझं म्हणणं कायम आहे. पण आमच्याकडे सही करणारे बाबा 78 वर्षांचे आहेत, दुसरं नाव कागदावर नाही. महालकर, तुमच्या अर्जाची प्रत पाठवता का?

महालकर:
पाठवतो. मृत्यूचा दाखला आणि ठरावाची प्रत जोडाच. सभेची नोटीस ज्यांना दिली त्यांच्या पोचीच्या सह्याही घ्या, आमचा अर्ज त्यावरच अडला होता.