'नवख्रिस्ती' म्हणजे नक्की कोण? पंथ, संप्रदाय की चळवळ?

मृण्मयी
ब्राझीलमधल्या पेंटेकॉस्टल चर्चांवरचा (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारी प्रोटेस्टंट चर्चं) एक लेख मराठीत आणतेय. शीर्षकात 'न्यू ख्रिश्चन रिलिजस मूव्हमेंट्स' आहे. मी 'नवख्रिस्ती धार्मिक चळवळी' केलं. संपादकांनी 'नवख्रिस्ती'भोवती पेन्सिलीने गोल काढून कागद परत पाठवला, कारण काही लिहिलं नाही. पुढे लेखात 'कल्ट'ही येतो. त्याला 'पंथ' म्हणावं तर वारकरी, नाथ, महानुभाव सगळे त्याच रांगेत जाऊन बसतात. काय करू?

दर्यावर्दी
गोल बरोबर आहे. गोव्याच्या इतिहासात 'नवख्रिस्ती' हा शब्द आधीच अडकलेला आहे. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला, ते आणि त्यांचे वंशज म्हणजे नवख्रिस्ती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, ते सुरुवातीला मुख्यतः यांच्याच मागावर. वनौषधींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता त्यांच्यापैकीच. तो १५६८ मध्ये वारला आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पुढे हिंदूंमधून बाटवलेल्यांनाही हाच शब्द लागला. थोडक्यात, तिथे माणूस नवा आणि धर्म जुना. तुमच्या लेखात उलटं आहे: माणसं पिढीजात ख्रिस्ती, वाट नवी. तेव्हा 'नव' ख्रिस्तीला चिकटवू नका.

बाकी आमच्या गोव्यात या लोकांना सरळ 'बिलिव्हर' म्हणतात. 'तो बिलिव्हर झाला' म्हणजे तो मिस्साला येईनासा झाला आणि वाड्यावर घरोघर फिरणारी सायबीण (मेरीमातेची मूर्ती) त्याच्या दारावरून तशीच पुढे जाते. त्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिलेत. एकाची दारू सुटून घरी पगार पोचायला लागला, तेही पाहिलंय.

मृण्मयी
कमाल आहे! ब्राझीलमध्ये याच लोकांना 'क्रेंते' म्हणतात. अर्थ तोच, विश्वास ठेवणारा, आणि सूरही तसाच जरासा चिडवण्याचा.

टोपणनाव_काय_ठेवू
पेंटेकॉस्ट म्हणजे पन्नासावा दिवस ना? मग 'पन्नाशीवाले' म्हणा. मीही बसेन त्यात. :)

वसईकर
आमच्याकडे 'हालेलुयावाले' म्हणतात, पण ते छापू नका. मृण्मयीताई, लेखात 'कॅरिस्मॅटिक' आलं तर मात्र सावध. १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कॅथलिक विद्यापीठातल्या लोकांपासून जी लाट सुरू झाली तिला ते नाव आहे, आणि ती चर्च सोडून गेलेल्यांची नाही, चर्चमध्येच राहिलेल्यांची आहे. मराठी वर्तमानपत्रं याचं 'करिश्माई' करून टाकतात. आपला 'करिश्मा' फारसीतून आला, ग्रीक 'खारिस्मा'शी त्याचं काही नातं नाही. नुसता तोंडावळा सारखा. मराठी बायबलात त्यासाठी 'कृपादान' असा सुरेख शब्द आहे. करिश्मा माणसाचा असतो, कृपादान देवाकडून मिळालेलं असतं. सगळा अर्थच फिरतो.

नगरचे काका
मृण्मयीताई, 'संप्रदाय' वापरू नका. सं-प्र-दा, म्हणजे पुढच्याच्या हाती सोपवणं. जे गुरूकडून शिष्याकडे परंपरेने येतं तो संप्रदाय. काल उभा राहिलेला संप्रदाय म्हणजे जन्मतःच आजोबा.

'चळवळ'ही मला खटकते. चळवळीला मागणी लागते, मोर्चा लागतो. हे लोक एकत्र येऊन प्रार्थना करतात, त्यात चळवळ कसली?

आमच्या भागात या प्रकाराला, म्हणजे इंग्रजीतल्या 'रिव्हायव्हल'ला, जुना शब्द आहे: संजीवन. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या (दौंड तालुक्यातलं, नगरजवळचं नव्हे) मुक्ती मिशनात १९०५ च्या जूनमध्ये जे घडलं ते संजीवनच. एका मुलीवर अग्नी उतरलेला सोबतिणीला दिसला, ती पाण्याची बादली घेऊन धावली, ओतणार एवढ्यात कळलं की काही पेटलेलं नाही. लॉस एंजेलिसमधल्या अझूसा स्ट्रीटच्या ज्या सभांपासून लोक पेंटेकॉस्टल इतिहास मोजतात त्या १९०६ च्या. आमचं केडगाव वर्षभर आधीचं! तिथल्या मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तिकडेही ठिणगी पडली. ब्राझीलच्या लेखाला तळटीप म्हणून हे घालाच. आणि या मुली कोण? बऱ्याचशा दुष्काळात घरदार गमावलेल्या. मुक्तीत शेती, विणकाम आणि छापखानाही त्यांनीच चालवला.

मृण्मयी
काका, संजीवन घटनेला शोभतं, संघटनेला नाही. 'ब्राझीलमध्ये तीन संजीवने कार्यरत आहेत' असं कसं लिहू? आणि चळवळीला मोर्चाच कशाला हवा? वाचनालय चळवळ आहेच की.

नगरचे काका
वाचनालय मान्य. पण आणखी एक शंका. बेलेममध्ये दोन स्वीडिश माणसांनी असेंब्लीज ऑफ गॉड सुरू केलं ते १९११ साली. शंभरी उलटलेल्याला 'नवं' किती दिवस म्हणायचं? (पुण्याची नवी पेठ आठवली.)

मृण्मयी
लेखाचा भर १९७७ मध्ये रिओत निघालेल्या युनिव्हर्सल चर्चवर आहे, त्यामुळे 'नवं' तिथे खपतं. पण माणसांच्या संख्येत बदल खरंच नवा आहे. २०१० च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये ६४.६ टक्के कॅथलिक होते, २०२२ मध्ये ५६.७. इव्हँजेलिकल (तिथले प्रोटेस्टंट, त्यात हे पेंटेकॉस्टलही आले) २६.९ वर गेले. म्हणून निवडणुकीत उमेदवार त्यांच्या व्यासपीठावर दिसतात.

शंकासुर
सगळे गोड शब्द शोधताय. दशमांश म्हणून गरिबाच्या खिशातून पैसे काढतात आणि वर बरकतीचं आश्वासन देतात, त्याला 'कल्ट'च म्हणतात. मराठीत 'बुवाबाजी' आहे की.

वसईकर
बुवाबाजी हे कृत्य झालं, समूह नव्हे. ती जुन्या धर्मातही चालते, नव्यातही. एखाद्या पास्टरची बुवाबाजी उघडी करा, जरूर करा, पण त्यासाठी रविवारी तिथे बसणाऱ्या धुणंभांडी करणाऱ्या बाईला 'कल्टवाली' कशाला करायचं? माझं मत 'पंथ'ला. पंथ म्हणजे वाट. ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांनाही बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये 'ह्या मार्गाचे' असंच म्हटलंय. 'ख्रिस्ती' हे नाव नंतर अंत्युखियात पडलं. शिवाय मराठीत पंथ म्हटल्याने कोणाची जात जात नाही.

नगरचे काका
हे पटलं. पण नाव शोधताना ते लोक स्वतःला काय म्हणवतात तेही बघावं. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि स्वतःची वाट काढली, तिला नाव दिलं 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा म्हणवणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा. मिशन नाही, मंडळी नाही, दरबार! दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार वाढला नाही. पण साहेबाच्या शब्दावाचून अडत नाही हे त्यांनी दाखवलं होतं.

मृण्मयी
शीर्षक ठरलं: 'ब्राझीलमधले नवे ख्रिस्ती पंथ'. 'कल्ट' जिथे मूळ लेखक शिवी म्हणून वापरतो तिथे तसाच ठेवते, अवतरणात. 'क्रेंते'ला 'विश्वासी'.

दर्यावर्दी
'नवे ख्रिस्ती' सुटं लिहिलंय ना? जोडलं की पुन्हा १४९७.

नगरचे काका
आणि 'विश्वासी' मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो चूक समजून सगळीकडे 'विश्वासू' करेल.