फक्त डाव्या हेडलाइटचाच बल्ब सारखा उडतोय

डावा_दिवा:
कारला एच-४ हॅलोजन बल्ब आहेत, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट (अप्पर/डिपर). चार महिन्यांत डावीकडचे तीन उडाले. उजवीकडचा मात्र जुनाच, अजून ठणठणीत. गॅरेजवाले अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला म्हणताहेत. बदलू का?

मल्टीमीटर:
आधी मोजा. मीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसतील. मग इंजिन चालू करून हेडलाइट लावा आणि २००० आरपीएमपर्यंत रेस द्या. १३.८ ते १४.५ मध्ये राहिलं तर ठीक. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. व्होल्टेज नुसतं ५ टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पण तसं असतं तर उजवाही उडाला असता ना! अल्टरनेटरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

काळी_काच:
उडालेले बल्ब फेकले नसतील तर उजेडात धरून बघा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर फिलामेंट (आतली तार) झिजलंय, म्हणजे वय झालंय किंवा व्होल्टेज जास्त आहे. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल तर धक्के बसताहेत. दिवा किंवा बल्बची स्प्रिंग क्लिप ढिली आहे का बघा. एकाच जागी फुगवटा असेल तर बसवताना बोट लागलंय. बोटाच्या तेलकटपणामुळे काच तेवढ्याच जागी जास्त तापते.

डावा_दिवा:
रेस दिल्यावर १४.२ आले. दोन बल्ब सापडले, दोन्ही आतून पांढरट, भुकटी बसल्यासारखे.

काळी_काच:
मग काचेला चीर जाऊन हवा आत शिरली. फिलामेंटचं तापलेलं टंगस्टन हवेत जळतं, त्याचीच ती भुकटी. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तरी चीर जाते. दिव्यामागचं रबरी झाकण काढून बघा.

डावा_दिवा:
झाकणाची कड वरून दुमडलेली होती. आत ओल आहे.

मल्टीमीटर:
सापडलं! दिवा आतून पूर्ण वाळू द्या. रबर कडक झालं असेल तर झाकण नवंच घ्या, सिलिकॉन फासत बसू नका. हवा खेळायची नळी किंवा छिद्र असेल तर ते मोकळं ठेवा, नाहीतर पुन्हा बाष्प धरेल. बल्ब धातूच्या कडेला धरूनच बसवा. काचेला हात लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.
ओल होती म्हणजे होल्डरही तपासा. पिना हिरवट किंवा प्लास्टिक करपलेलं असेल तर बदला. दिवा लावून बल्बची अर्थ (निगेटिव्हकडची) पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा जोड साफ करा.

काळी_काच:
आणि या नादात १००/९० वॅटचा बल्ब घालू नका. ५ अँपिअरच्या जागी ८ च्या वर करंट जातो आणि होल्डर वितळतो.