मदत हवी आहे: कोयना धरणाभोवतीचं वर्तुळ नीट येत नाही

प्रीतिसंगम: भूकंपकेंद्रांची टिंबं बरोबर येतात. धरणाभोवती २० किलोमीटरचं वर्तुळ काढायला गेलं की अख्खा आलेख निळा होतो. सोमवारी कॉलेजात दाखवायचंय. लवकर सांगा कुणीतरी.

कृष्णाकाठ: कशात काढतोयस, पायथन की आर? कोड टाक की भावा. नुसतं 'निळा होतो' म्हटल्यावर काय कळणार?

प्रीतिसंगम: पायथनच. मॅटप्लॉटलिब, म्हणजे आलेख काढायची लायब्ररी. वर्तुळाची ओळ एवढीच आहे: सर्कल, केंद्र (७३.७५, १७.४०), त्रिज्या २०. मग ॲड_पॅचने ते आलेखावर टाकतो. एक्स ७३.४ ते ७४.२ आणि वाय १७.० ते १७.९ असं बांधून ठेवलंय.

हळदपेठ: एवढा खटाटोप कशाला? जिओजेब्रा उघडा, केंद्र आणि त्रिज्या द्या, वर्तुळ तयार. आम्ही सांगलीत शाळेच्या पोरांना त्यातच शिकवतो.

घाटमाथा: त्यापेक्षा स्कॅटरमध्येच, म्हणजे टिंबांच्या आलेखात, धरणावर एक टिंब टाक आणि एस वाढवत जा. मी नेहमी तेच करतो.

कृष्णाकाठ: घाटमाथा, इथे ते चालणार नाही. एस म्हणजे टिंबाचं कागदावरचं क्षेत्रफळ, पॉइंटच्या वर्गात. १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. झूम केलं तरी टिंब तेवढंच राहतं, मग त्याला २० किलोमीटर कसं म्हणायचं?

प्रीतिसंगम, तुझे अक्ष अक्षांश-रेखांशाचे, म्हणजे अंशात. २० लिहिलंस की २० अंश धरले जातात, म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या वर. तुझी चौकट पूर्णच्या पूर्ण वर्तुळाच्या पोटात गेली, म्हणून सगळं निळं. २० ला १११ ने भाग आणि फिल फॉल्स कर, म्हणजे आत रंग भरणार नाही, नुसती कड राहील.

प्रीतिसंगम: भागलं. आता दिसतंय, पण आडवं लांबट येतंय. गोल पाहिजे.

घाटमाथा: सेट_आस्पेक्टला इक्वल दे, दोन्ही अक्षांचं माप सारखं होईल. विषय संपला.

सर्व्हेवाला_वाई: संपला नाही. इक्वल दिल्यावर डोळ्याला गोल दिसेल, पण अंतर चुकेल. १७.४ अक्षांशावर रेखांशाचा १ अंश साधारण १०६ किलोमीटर भरतो, अक्षांशाचा ११०.७. दोन्हीकडे १११ ने भागलं तर पूर्व-पश्चिम वर्तुळ सुमारे ९०० मीटर कमी पडतं. कडेवरचं भूकंपकेंद्र आत की बाहेर, हेच मोजायचं असेल तर ९०० मीटर पुष्कळ झाले.

घाटमाथा: कॉलेजच्या प्रोजेक्टला कोण ९०० मीटर बघतंय?

सर्व्हेवाला_वाई: ज्याला आत किती आणि बाहेर किती मोजायचे आहेत, तो बघतो. सरळ मार्ग म्हणजे सगळे बिंदू यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) झोन ४३ उत्तर मध्ये बदलून घे, तिचा ईपीएसजी कोड ३२६४३. मग अक्ष मीटरमध्ये येतात, त्रिज्या २०००० दे आणि तिथे इक्वल दे. अंशातच ठेवायचं असेल तर सर्कल सोड, इलिप्स (लंबवर्तुळ) घे: रुंदी ४० भागिले १०६.२, उंची ४० भागिले ११०.७. इलिप्सला पूर्ण व्यास द्यावा लागतो, त्रिज्या नाही.

जुना_पाटण: ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. थंडी मरणाची, तरी आत जायला कुणी धजत नव्हतं. पोरांनी याचा अभ्यास करावा, मनापासून वाटतं. तुमच्या नकाशात कोयनानगर आहे ना?

प्रीतिसंगम: आहे काका, धरणाच्या बिंदूला लागूनच आहे.

हळदपेठ: मग वारणा का सोडली? वारणा नदीवरचं चांदोलीचं धरण आमच्या शिराळा तालुक्यात. १९९३ नंतर त्या बाजूलाही भूकंप वाढले. एकट्या कोयनेभोवती वर्तुळ काढून दक्षिणेचे धक्के बाहेर ठेवलेत तर चित्र अर्धंच राहील.

मोडीप्रेमी: गावांची नावं मराठीत टाकणार असाल तर देवनागरी फॉन्ट द्यावा लागेल, नाहीतर चौकोन येतात. माझ्याकडे फॉन्ट देऊनही जोडाक्षरं तुटली.

कृष्णाकाठ: ते त्याने विचारलंच नाही. प्रीतिसंगम, यूटीएम करून बघितलंस का?

प्रीतिसंगम: केलं, गोल आलं. हळदपेठ दादांचं पटलं म्हणून वारणेचंही घेतलं. दोन्ही वर्तुळं मधे एकमेकांत जातात आणि तिथली केंद्रं दोन्हींत मोजली जातायत. ती एकदाच कशी मोजायची?

सर्व्हेवाला_वाई: प्रत्येक केंद्राचं दोन्ही धरणांपासूनचं अंतर काढ. जे धरण जवळ, त्याच्या खात्यात टाक. कोड इथेच टाक, रात्री बघतो.