इयत्ता पहिलीच्या अखेरीस मुलाला नेमके काय यायला हवे? (मदत हवी आहे)

सप्रेम नमस्कार,

माझी धाकटी मुलगी कोल्हापुरात सेमी इंग्रजी शाळेत इयत्ता पहिलीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यापासून तिला शिकवणी लावावी की नाही, यावर आमच्या घरात एकमत होत नाही. राजारामपुरीत शिकवणी घेणाऱ्या एका बाईंनी तिची उजळणी घेतली आणि मुलगी बरीच मागे आहे, असे स्पष्ट सांगितले. पहिली संपेपर्यंत दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ, जोडाक्षरांसह अस्खलित वाचन, हातच्याची बेरीज आणि इंग्रजी स्पेलिंगची भलीमोठी यादी यायलाच हवी, असे त्यांचे म्हणणे आहे. वर्गशिक्षिका मात्र ‘काळजी करू नका, येईल हळूहळू’ एवढेच सांगतात. दोघींच्या बोलण्यातून नेमके काय आणि किती यायला हवे याचा अंदाज लागत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

मी माझ्या परीने थोडी माहिती काढली. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात प्रत्येक इयत्तेची उद्दिष्टे ठरवून दिली आहेत. त्यानुसार पहिलीच्या अखेरीस मुलाला वयाला साजेशा अनोळखी मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचता यावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी करता यावी, अशी अपेक्षा आहे. मिनिटाला ४५ ते ६० शब्द हा वाचनाचा वेग दुसरीसाठी आहे आणि गुणाकार तिसरीत येतो. म्हणजे शिकवणीच्या बाईंनी सांगितलेले बरेचसे पुढच्या इयत्तांचे आहे. २०२० च्या दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नसावा असे म्हटले आहे. असे असताना शाळेतून दमून आलेल्या मुलीला पुन्हा दुसऱ्याच्या दारात बसवणे माझ्या मनाला पटत नाही. सासूबाईंचे मत उलट आहे. पाढे याच वयात पाठ होतात, नंतर होत नाहीत, असे त्या म्हणतात आणि ते मला सर्वस्वी अमान्यही नाही.

मात्र सरकारी उद्दिष्ट वाचायला लहान असले तरी गाठायला सोपे नाही, असे मुलीकडे पाहून वाटते, कारण त्यात ‘अनोळखी मजकूर’ अशी अट आहे. पुस्तकातला धडा ती घडाघडा म्हणते, पण तेव्हा बोट एका ओळीवर असते आणि तोंड पुढच्या ओळीवर गेलेले असते. तेच शब्द दुसरीकडे दिसले की गाडी अडते. केएमटीच्या थांब्यावर उभ्या असताना बसवरच्या पाट्या वाचण्याचा आमचा खेळ चालतो, तेव्हा ती ‘रंकाळा’चे ‘रकाळा’ आणि ‘गंगावेश’चे ‘गगावेश’ करते, म्हणजे अनुस्वार तिच्या डोळ्यांना जणू दिसतच नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढलेली असल्यामुळे ती मागच्या अक्षराला जोडते आणि ‘कविता’चे ‘किवता’ होते. काना आणि मात्रा मात्र पक्के आहेत. बाराखडी म्हणायला सांगितली तर एकही चूक होत नाही, हे विशेष.

संख्यांचा गोंधळ यापेक्षा मोठा आहे. शाळेत गणित इंग्रजीतून असल्यामुळे ‘फिफ्टी टू’ म्हटले की ती ५२ बरोबर लिहिते. आजी ‘बावन्न’ म्हणाली की दोन आधी ऐकू येतात म्हणून २५ लिहिते. ‘एकोणसाठ’ला तर ६९ ठरलेले, कारण कानावर साठ पडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वेळी मी त्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते, पण आता त्यामागची अडचण घरातच रोज समोर येते.

लेखनाबद्दल फारशी तक्रार नाही. दोन रेघी वहीत अक्षर बऱ्यापैकी येते, फक्त पेन्सिल इतकी दाबून धरते की मागच्या पानावरही उठते.

आणखी एक बाब सांगणे आवश्यक आहे. तिचा जन्म डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला आहे. ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांना पहिलीत प्रवेश मिळत असल्यामुळे जूनमध्ये ती जेमतेम साडेपाच वर्षांची होती, आणि त्याच बाकावर तिच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी मुले बसतात. या वयात वर्षाचा फरक किती मोठा असतो, हे पालकांना सांगायला नको. थोरल्याशी तुलना करावी, तर त्याच्या वेळचा अभ्यासक्रम वेगळा होता, कारण २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आहे.

तेव्हा अनुस्वार आणि वेलांटीसाठी घरी काय करावे, मराठी संख्यानामांचा घोळ कसा सोडवावा, आणि या परिस्थितीत शिकवणी खरोखर गरजेची आहे का, हे प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्यांनी किंवा या वयाची मुले असलेल्या पालकांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी कागल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग बरीच वर्षे घेत आहे. तुमच्या वर्णनावरून मुलगी मागे आहे असे मला वाटत नाही. बाराखडी बिनचूक म्हणणारी पण ‘कविता’ला अडखळणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, कारण बाराखडी ती गाण्यासारखी म्हणतात, त्या वेळी अक्षराकडे पाहत नाहीत. म्हणून काही दिवस बाराखडी बाजूला ठेवा. एका वेळी एकच चिन्ह घ्या. केवळ अनुस्वारासाठी रंग-रग, अंग-अग, वंश-वश अशा जोड्या पाटीवर लिहा आणि तुम्ही एक शब्द उच्चारा, तिने बोट ठेवावे. जोडीतल्या प्रत्येक शब्दाला अर्थ असलाच पाहिजे असे नाही, आवाजातला फरक तिला पकडता आला पाहिजे. वेलांटीसाठी वेलांटी आणि तिचे अक्षर एकाच रंगाच्या खडूने लिहा, म्हणजे ते एकत्र आहे हे डोळ्यांना कळते. बसच्या पाट्यांचा खेळ बंद करू नका, अनोळखी मजकूर म्हणतात तो हाच.

संख्यांसाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून तयार करा. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, हे हाताने मांडल्यावरच ‘पन्नास आणि दोन, बावन्न’ असे म्हणायचे. एकोणसाठसाठी आधी सहा गठ्ठे मांडा, मग त्यातल्या एका गठ्ठ्याचे रबर सोडून एक काडी काढून घ्या आणि उरले ते मोजायला लावा. एकोणचाळीस, एकोणपन्नास असे चार-पाच वेळा झाले की मुले स्वतःच हसून सांगतात. पाढे आजींनी म्हणून घ्यायला हरकत नाही, पण दोनचा आणि पाचचा पुरे, तेही चिंचोके मांडून.

शिकवणीचे म्हणाल तर या टप्प्यावर मी लावणार नाही. त्याऐवजी रोज रात्री तुम्ही गोष्ट वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी तिला ती आजीला सांगायला लावा. पेन्सिल दाबून धरण्यासाठी कणीक मळणे, मटार सोलणे यांसारखी बोटांची कामे द्या. एवढे करूनही पुढच्या दिवाळीपर्यंत साधे शब्द ओळखू आले नाहीत, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. शिकण्यातील अक्षमतेचा निष्कर्ष इतक्या लहान वयात काढत नाहीत.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार, बाई. गठ्ठ्यांचा प्रयोग करून पाहते. एक शंका राहिली आहे. शाळेत इंग्रजी संख्यानामे चालू असताना घरी मराठी नावे लगेच सुरू करावीत, की ९९ पर्यंतचे इंग्रजीतून पक्के होईपर्यंत थांबावे? सासूबाई थांबायला तयार होणार नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद

थांबू नका. काड्या त्याच राहू द्या, शाळेची आणि घरची नावे त्याच गठ्ठ्यांना लावा. फक्त आजींना सांगा की तोंडी संख्या विचारून लगेच लिहायला लावू नका, आधी मांडायला लावा आणि मग लिहू द्या.