मदत हवी आहे : ‘संगीत शारदा’च्या शालेय प्रयोगाची कार्यक्रमपत्रिका

नववी-ब

नमस्कार. आमची शाळा देवगड तालुक्यात. नववीच्या वर्गात देवलांचं ‘संगीत शारदा’ वाचून झालं आहे आणि आता मुलं त्यातले निवडक प्रवेश बसवताहेत. प्रयोग साधारण सव्वा तासाचा, शाळेच्याच सभागृहात, गणपतीची सुट्टी संपल्यावर पंधरा दिवसांनी. खुर्च्या ३००.

पत्रिका मुलांनीच करायची आहे. शाळेत काळापांढरा लेझर प्रिंटर आहे, मुखपृष्ठ रंगीत हवं तर कणकवलीला छापून घेता येईल. पानं किती करावीत? कथा किती सांगावी? प्रेसमध्ये फाइल गेली की जोडाक्षरं फुटतात, त्यावर उपाय काय? आणि एका मुलाने ‘या नाटकामुळे शारदा कायदा आला, कायद्याला नावही त्यावरूनच पडलं’ असं लिहून आणलं आहे. छापावं का?

विंगेतून

बाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ते वाक्य छापू नका. ही चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. नाटक रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये, किर्लोस्कर नाटक मंडळीने इंदूरला त्याचा पहिला प्रयोग केला. बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे लोक ज्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात तो, झाला १९२९ मध्ये आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्याचं विधेयक मांडलं हरविलास सारडा यांनी. ‘सारडा’ हे आडनाव. मराठीत त्याचं ‘शारदा’ झालं आणि नाटकाशी गाठ पडली. मुलाला लेख फाडायला लावू नका, सुधारून घ्या: नाटक आधी, कायदा तीस वर्षांनी, नावाचं साम्य योगायोगाचं. कायद्याने तेव्हा मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही किमान वयं ठरवली, आज ती १८ आणि २१ आहेत. एवढं दिलं की चौकट भरली. त्याच चौकटीखाली बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८ ठळक छापा. या नाटकाच्या पत्रिकेत तो असायलाच हवा.

लेखकाविषयी चार ओळी पुरेत. गोविंद बल्लाळ देवल, १८५५ ते १९१६. बाकीची नाटकं संस्कृत किंवा इंग्रजीवरून घेतलेली, ‘शारदा’ हे त्यांचं एकमेव स्वतंत्र नाटक. ‘महान’, ‘अजरामर’ ही विशेषणं मुलांकडून खोडून घ्या.

कथासार ८० शब्दांच्या आत आणि शेवट न सांगता. असं काहीतरी:

‘पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढायला निघाला आहे. भद्रेश्वर दीक्षित त्याच्यासाठी मुलगी शोधतो. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी शारदा द्यायला तयार होतो. आई इंदिराकाकू कळवळते, पण घरात तिचं काही चालत नाही. कोदंड मात्र हे लग्न होऊ द्यायचं नाही असं ठरवतो.’

इथे थांबायचं.

जुळारी

पानं ८ करा, ए-५ आकार. म्हणजे ए-४ चे दोन कागद आडवे, मधोमध दुमडून एकात एक. पिनेने किंवा दोऱ्याने बांधलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच लागतात. ६ पानं करायला गेलात तर दोन कोरी राहतात.

आता महत्त्वाचं. बाहेरच्या कागदावर १, २, ७ आणि ८ ही पानं येतात. आतल्यावर ३, ४, ५, ६. तुमच्या वेळापत्रकात मधे गणपती आहेत. त्याच्या आधी प्रेसवाल्यांकडे अहवाल, पावतीपुस्तकं, आरत्यांच्या पुस्तिका यांची रीघ असते आणि सुट्टीत माणूस सापडत नाही. म्हणून जे बदलणार नाही ते सगळं बाहेरच्या कागदावर घ्या आणि आत्ताच कणकवलीला द्या. पान १ मुखपृष्ठ, २ वर लेखक आणि कथासार, ७ वर कायद्याची चौकट आणि शब्दार्थ, ८ वर जाहिराती. जे शेवटपर्यंत हलतं ते आतल्या कागदावर: ३ वर पात्रपरिचय, ४-५ वर पदं, ६ वर श्रेयनामावली आणि आभार. हा कागद शाळेच्या प्रिंटरवर प्रयोगाच्या दोन दिवस आधी काढा. कोदंडाला ताप आला तरी पत्रिका खोटी पडत नाही.

पदं मधल्या पानांवर मुद्दाम ठेवली आहेत. पुस्तिका उघडली की ४ आणि ५ एकाच कागदावर सलग येतात, पद शिवणीत तुटत नाही.

आतला कागद छापताना एका बाजूला डावीकडे ६, उजवीकडे ३, मागच्या बाजूला डावीकडे ४, उजवीकडे ५. दोन्ही बाजूंनी छापताना ‘शॉर्ट एज’वर (कागदाच्या आखूड कडेवर) उलटा, नाहीतर मागची बाजू डोकं खाली पाय वर येते. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा.

प्रती २०० पुरेत. एका कुटुंबाला एक धरली तर ३०० खुर्च्यांना १५०, उरलेल्या कलाकार, पाहुणे आणि ग्रंथालयासाठी. वाया जाणारे धरून आतले कागद २२० काढा. कागद १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). ७० च्या कागदावर मागचा मजकूर आरपार दिसतो आणि मंद उजेडात वाचता येत नाही. मुखपृष्ठालाही चकचकीत आर्ट पेपर नको, दिव्याखाली तो डोळ्यांवर येतो. दुमडीवर गडद रंगाचा पट्टाही नको, टोनर तिथेच तडकतो आणि पांढरी रेघ उमटते.

जोडाक्षरांचं: मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि प्रेसला वर्डची फाइल देऊ नका, फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या. त्यांच्याकडे श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटप्रणालीत) रूपांतर झालं की सगळ्यात आधी ‘ऱ्य’ फुटतो. पीडीएफ आली की ‘म्हाताऱ्याला’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द शोधून बघा. ते नीट असतील तर बाकीचं बहुतेक नीट असतं. दुसरं, मराठी वळणाचा ‘श’ आणि ‘ल’ हवा. नाटकाचं नावच ‘श’ने सुरू होतं, मुखपृष्ठावर तो हिंदी वळणाचा आला तर मराठी डोळ्याला लगेच खटकतो. टीरो देवनागरी मराठी हा फाँट फुकट मिळतो आणि त्यात ही वळणं आहेत. मजकूर १२ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर. आजी-आजोबा येणार आहेत.

नववी-ब

दोघांचेही आभार. बाहेरचा-आतला कागद हे डोक्यातच आलं नव्हतं. आणखी तीन शंका. शारदेचं काम दोन मुली करताहेत, नावं कशी द्यावीत? पदं छापायला परवानगी लागते का? आणि शब्दार्थांत ‘सगोत्र’ घातला तर पुढचं फुटेल का?

विंगेतून

दोन्ही नावं एकाच ओळीत, प्रत्येकीपुढे कंसात प्रवेश: पहिली ‘प्रवेश १ ते ३’, दुसरी ‘प्रवेश ४ पासून’. क्रमांक तुमच्या संहितेचे, मूळ नाटकाच्या अंकांचे नव्हेत. पात्रं रंगमंचावर येण्याच्या क्रमाने लावा. हुद्द्याने किंवा गुणांनी लावलीत की पालकांत कुजबुज होते. सगळ्यांची नावं एकाच पद्धतीने, नाव मग आडनाव. पडदा ओढणाऱ्या आणि पेटी-तबल्याच्या साथीच्या मुलांची नावं त्याच टाइपात.

देवलांना जाऊन ६० वर्षांहून जास्त काळ लोटला आहे, त्यामुळे मूळ संहिता आणि पदं कॉपीराइटमधून खुली आहेत. पण तुमच्या हातातल्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा टिपा कोणा आजच्या संपादकाच्या असतील, त्या उचलू नका. नेटवरचे जुन्या प्रयोगांचे फोटोही नकोत, मुखपृष्ठासाठी मुलांचं रेखाचित्र घ्या. पदांवर पुस्तकात ‘चाल’ दिलेली असते, तीच द्या. ऐकीव राग लिहू नका.

पदांचं लेखन पुस्तकाप्रमाणे ठेवा. ‘मूर्तिमंत भीति उभी’ मधला ‘भीति’ मुलं ‘भीती’ करतील, कारण शाळेत तेच शिकवलंय. तळाला एक ओळ द्या: ‘पदांचे लेखन मूळ संहितेप्रमाणे.’

‘सगोत्र’ने नाटक फुटतं, अगदी नेमकं तिथेच. तरीही तो घाला, कारण आजच्या मुलांना तो शब्द कळला नाही तर लग्न का मोडलं हेच कळणार नाही. ‘पाऊणशे’, ‘बोहला’, ‘अंतरपाट’ यांच्या रांगेत ठेवा आणि अर्थ एवढाच: ‘एकाच गोत्राचे, अशांचा विवाह निषिद्ध मानत.’ ‘पाऊणशे’ मात्र वर असू द्या. पाऊणशे म्हणजे ७५ हे माहीत नसेल तर ‘म्हातारा इतुका न’ या पदातली थट्टा हुकते.

जुळारी

बांधणीबद्दल राहिलं. पिना नकोत. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात आणि मधल्या पानाला तांबडा डाग देतात. दोरा वापरा, मुलांना सहज जमतं. दुमडीवर वरून साडेपाच, साडेदहा आणि साडेपंधरा सेंटिमीटरवर तीन भोकं. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, सरळ खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यावरच गाठ मारा. एका प्रतीला ३५ सेंटिमीटर दोरा, २०० प्रतींना ७० मीटर.

रिमचं वेष्टन छपाईच्या दिवशीच फोडा. पावसात उघडा राहिलेला कागद ओल पितो, प्रिंटरच्या उष्णतेने वळतो आणि दुसरी बाजू छापताना अडकतो. पहिली बाजू छापून झाली की गठ्ठा अर्धा तास वजनाखाली ठेवून मगच उलटा. आणि वीज जायच्या आत संपवायचं असेल तर सकाळी पहिल्या तासालाच सुरू करा.