रूळ नंतर, आधी डबा तराजूवर ठेवा

तुमच्या मॉडेल रेल्वेत वळणावर दरवेळी रेकमधला (जोडलेल्या डब्यांच्या रांगेतला) मधलाच डबा पडतो म्हणून रूळ उखडायला निघालात, जरा थांबा की! एचओ मापात (खऱ्याच्या १:८७ आकारात) आयसीएफ, म्हणजे आपल्या गाड्यांचा जुन्या धाटणीचा डबा, साधारण २४५ मिमी भरतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे त्याला १६५ ग्रॅमच्या आसपास वजन हवं. डबा १२० चाच असेल तर पुढून इंजिन ओढतं, मागून रेक अडवतो आणि हलका डबा वळणाच्या आत कलंडतो.

वजनाला कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं लोखंडी वॉशर आणा. दोन्ही बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) वर, तळाला, सारखे वाटून इपॉक्सीने चिकटवा. छतात अजिबात नको. आपल्या पावसाळ्यात ते गंजतात, तेव्हा आधी प्रायमरचा एक हात. शिशाचे छर्रे आणि पांढरा गोंद ही जोडी टाळाच, शिसं हळूहळू फुगून डब्याच्या भिंती फाकवतं.

मग चाकं. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा, १४.४ मिमी पाहिजे. कमी भरलं तर पॉइंटवर (रूळ फुटतात तिथे) चाक चढणारच.

आणि १८ इंच त्रिज्येच्या वळणावर एलएचबीचे, म्हणजे नव्या धाटणीचे, २७० मिमी डबे घेऊच नका. महालक्ष्मी एक्सप्रेसचा अख्खा रेक फिरवायचा तर निदान २४ इंच तरी ठेवा.