फ्लुकोनॅझोलने फरक नाही, पाण्याचाही ठसका: जिवाणूंपैकी काय काय धरायचं?

शिरपूर_ओपीडी: एचआयव्ही, सीडी4 60, म्हणजे प्रतिकारशक्ती खूप कमी. गिळताना छातीच्या मधोमध दुखतं, तोंडात थ्रश (बुरशीचा पांढरा थर) नाही. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल रोज 200 मिग्रॅ, 10 दिवस झाले, फरक शून्य. आता पाण्याचाही ठसका लागतो. डोस 400 करून आठवडा बघू, की स्कोपीला (दुर्बिणीने अन्ननलिका बघायला) धुळ्याला पाठवू?

स्कोप_धुळे: पाठवा. कॅन्डिडा (थ्रशची बुरशी) असता तर एव्हाना आराम पडला असता. ठसका म्हणजे अन्ननलिकेतून श्वासनलिकेत भोक पडलंय असं धरूनच चाला. तोंडाने काही नको, पेजसुद्धा नाही. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) आंधळेपणाने सारू नका, स्कोपीतच बसवून घेऊ. आधी छातीचा सीटी: कॅरिनाखालच्या (श्वासनलिका दुभंगते त्याखालच्या) लसिका गाठी टीबीने सडून अन्ननलिकेत फुटतात, म्हणून व्रण बहुधा मधल्या भागात सापडतो. गॅस्ट्रोग्राफिन (एक्स-रेत दिसणारं द्रव) पाजून फोटो काढू नका, ते फुप्फुसात गेलं तर तिथे पाणी भरतं. तपासणीचे तुकडे व्रणाच्या तळातून आणि कडेवरूनही हवेत. सीएमव्ही विषाणू तळात सापडतो, हर्पीसचा कडेला.

मायक्रो_जळगाव: आणि सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका, दरवेळी घोळ तिथेच होतो. त्यात जंतू मरतात, कल्चर येणार कुठून? दोन-तीन तुकडे निर्जंतुक सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) आणि टीबी कल्चरसाठी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर, तेव्हा बर्फाच्या पेटीतूनच. ॲक्टिनोमायसिस या जिवाणूसाठीचा तुकडा मात्र वेगळा: ऑक्सिजनविरहित माध्यमात, फ्रीजबाहेर. लॅबला आधी कळवा, प्लेट दोन आठवडे ठेवावी लागते. नोकार्डिया हा जिवाणूही सूक्ष्मदर्शकाखाली तसाच फांद्याफांद्यांचा दिसतो. 1 टक्का सल्फ्युरिक ॲसिडच्या झेड-एन रंगतपासणीत तो लाल राहतो, ॲक्टिनोमायसिस नाही.

शिरपूर_ओपीडी: रिपोर्टात नुसतं ‘ॲक्टिनोमायसिस दिसले’ आलं तर पेनिसिलिन सुरू करू?

मायक्रो_जळगाव: नाही हो सर. ते तोंडातच राहतात, कुठल्याही व्रणावर येऊन बसतात. ऊतीत घुसलेले दिसले, सल्फर ग्रॅन्यूल (जंतूंचे पिवळे दाणे) असले, तरच.

स्कोप_धुळे: तसं असेल तर पेनिसिलिन जी शिरेतून, दिवसाला 1.8 ते 2.4 कोटी युनिट, 2 ते 6 आठवडे. पुढे अमॉक्सिसिलिन 6 ते 12 महिने. नोकार्डियाला को-ट्रायमॉक्सॅझोल, पण उपचाराच्या डोसात. प्रतिबंधाची रोजची एक गोळी तिथे पुरत नाही.

एआरटी_नंदुरबार: सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी सोडू नका. टीबीच निघाला तर टीबीच्या रिफॅम्पिसिनबरोबर एचआयव्हीचं डोलुटेग्राविर 50 मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे टीएलडीनंतर (डोलुटेग्राविर असलेली रोजची एकत्र गोळी) 12 तासांनी डोलुटेग्राविरची सुटी गोळी. रिफॅम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे तसंच. भोक बऱ्याचदा टीबीच्या औषधांवरच बुजतं, ऑपरेशनची घाई नको.